कैरोतल्या शेवया

तुम्ही शेवयांचं काढलं म्हणून आठवलं. लढाईच्या वक्ताला मी अन् आमच्या भोकरदनचा सखाराम फौजेत व्हतो, मिसर देशात. तिथं कैरोच्या एका भारी हाटेलात शेवया मिळतात असं ऐकून सखारामनं मला ओढतच नेलं. इटलीच्या शेवया आल्या, टमाट्याच्या रश्शात. यानं दूध-साखर मागवली अन् सगळी त्यावर ओतली. बाजूचे गोरे हसायला लागले.

मी म्हणलो, "अरे, खारट हाय ते. लोकं हसून राह्यले."

"हसू दे. आय अशाच द्यायची."

"मंग घरी गेल्यावर खा की तिच्या हातच्या."

"न्हाई रे," तो खाली मान घालून म्हणला, "आय गेली. परवाच तार आली."

त्यानं ते समदं ताट संपवलं. गोरे हसतच व्हते.