नव्वद गुण गाडीला, दहा डोंगराला

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या हवामान नोंदणी केंद्राच्या संचालक मॅडम, खास या कार्यक्रमासाठी लांबचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, आपले माजी संचालक सर, मघापासून व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपणा सर्वांचे मामा, पहिल्या रांगेतल्या मामी, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी लेखापाल साहेबांनाही पाचच दिली होती, आणि त्यांनी किती घेतली ते आपण पाहिलंच. तेव्हा मी थोडी जास्त घेतली तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करून ठेवते.

समोरच्या टेबलावर जो छोटा खोका आहे त्यात आपण सगळ्यांनी मिळून घेतलेली भेट आहे. जीपीएस यंत्र. ते निवडायचं काम माझ्याकडे होतं. मामांनी अट घातली होती की यंत्र एकच हवं. निवृत्तीनंतर ते मामींना त्यांच्या जुन्या गाडीतून फिरवणार आहेत, आणि मधून मधून डोंगरही चढणार आहेत. "गाडीला एक आणि खिशाला एक अशी दोन दोन यंत्रं सांभाळायला मी काय विमान चालवतोय?" असं ते मला म्हणाले. मग गाडीत आणि डोंगरावर, दोन्हीकडे चालेल असं एकच यंत्र कसं निवडायचं? प्रश्न साधा वाटतो. मी त्याचं उत्तर आयुष्यात दोनदा दिलं आहे. पहिल्यांदा चुकलं होतं. आज मला त्या पहिल्या उत्तराबद्दल बोलायचं आहे.

इथे कुटुंबीय आले आहेत, लहान मुलं आली आहेत, त्यांच्यासाठी मामांचं काम थोडक्यात सांगते. पाऊस आणि वारा मोजणारी आपली सात यंत्रं सात डोंगरांवर उभी आहेत. चालक-निरीक्षकाने दर महिन्याला तिथे जायचं. चाळीसएक किलोमीटर गाडी चालवायची, रस्ता संपला की उतरायचं, मग चार किलोमीटर चढायचं, नोंदी घ्यायच्या आणि परत यायचं. मामांनी हे एकतीस वर्षं केलं. गाडीतून उतरले की त्यांचं पहिलं काम एकच, गाडी उभी आहे ती जागा टिपून ठेवायची. आधी ते वहीत टिपायचे, झाड, दगड, वळण असं लिहून. मी एकदा विचारलं, "मामा, जायचंय ती जागा नाही का टिपायची?" ते म्हणाले, "डोंगर कुठे पळून जातोय? हरवतो तो परतीचा रस्ता."

लेखापाल साहेबांनी आत्ता भाषणात विचारलं, "मामा, आज यायच्या आधी चार्जिंग केलंत ना?" सभागृह हसलं. मामाही हसले. बाहेरच्यांना कळलं नसेल, पण आपल्याकडे हा विनोद चार वर्षं चालू आहे. मामा गाडीची किल्ली घ्यायला आले की कुणीतरी विचारतंच, "चार्जिंग?" चहा प्यायला बसले की, "हां, मामा चार्ज होतायत." आपण सगळे हसायचो. मीही हसायचे. आणि या सभागृहात तो विनोद खोटा आहे हे अगदी अलीकडेपर्यंत मामा सोडून फक्त मला माहीत होतं.

मामा, हात वर करू नका. सत्कारमूर्तीने मध्ये बोलायचं नसतं, हे मागच्या निरोप समारंभात तुम्हीच मला सांगितलंय. शेवटी तुम्हाला बोलायला मिळणार आहे, तेव्हा काय रागवायचं ते रागवा.

चार वर्षांपूर्वी मी इथे खरेदी विभागात नवीन होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. नोकरी पक्की व्हायला अजून चार महिने होते. कार्यालयाने ठरवलं की क्षेत्रभेटीच्या गाडीसाठी एक जीपीएस यंत्र घ्यायचं आणि तेच डोंगरावरही न्यायचं. निवड माझ्यावर सोपवली. माझं पहिलं स्वतंत्र काम! मी किती हुरळले होते म्हणून सांगू? बावीस पानी अहवाल केला. शंभर गुणांची पद्धत बसवली. आणि ते गुण वाटले कसे? अंतरावर. चव्वेचाळीस किलोमीटरांपैकी चाळीस चाकांवर, चार पायांवर. म्हणून नव्वद गुण गाडीच्या सोयींना, दहा डोंगराच्या. पडदा मोठा हवा, वळणं बोलून सांगायला हवीत, काचेवर घट्ट बसायला हवं. गणित मी तीनदा तपासलं होतं. गणितात चूक नव्हतीच.

अहवाल देण्याआधी मी मामांना विचारायलाही गेले होते. ते गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते. तिथूनच म्हणाले, "पोरी, गाडीत बोलणारं मिळालं तर बरं. डोंगरावर मरणारं नको. दोन्ही एकात नसेल तर डोंगराचं घे."

मी म्हटलं, "पण मामा, नव्वद टक्के अंतर तर तुम्ही गाडीतच कापता."

"गाडीत चुकलो तर वळवून आणीन. वर चुकलो तर काय वळवू?"

मी ते लिहून घेतलं. पान सतरा, 'वापरणाऱ्याचे मत'. त्याला डोंगराच्या दहातले गुण दिले पाच.

माझ्या अहवालाप्रमाणे गाडीचं यंत्र आलं. दोन महिने सगळे खूश होते. मग तिसऱ्या डोंगरावरचा तो दिवस आला. मामा आणि आपले मेकॅनिकदादा वाऱ्याचं यंत्र दुरुस्त करायला गेले. जीपीएस यंत्र पूर्ण चार्ज होतं. आदल्या दिवशी मीच लावलं होतं, सकाळी मीच काढून मामांच्या हातात दिलं, साहित्याच्या नोंदवहीत 'पूर्ण चार्ज' असं लिहिलं, आणि त्यापुढे मामांची सही घेतली.

गाडी त्यांनी खाणीच्या वळणावर उभी केली. जागा टिपायला मामांनी हातमोजा काढला, पडदा पुसला, पाच वेळा बोट दाबलं. ओल्या पडद्याला बोट समजेना. शेवटी वहीत लिहिलं. वर काम झालं आणि उतरताना धुकं आलं, स्वतःचे बूट दिसेनात असं. चढताना मधून मधून लावून पाहिलेलं यंत्र पुन्हा काढलं. आता ऐका. गाडीसाठी बनवलेलं यंत्र असं धरून चालतं की तुम्ही कुठल्या तरी रस्त्यावरच असणार. तुम्ही उतारावर उभे असलात तरी ते तुम्हाला ओढून जवळच्या रस्त्यावर दाखवतं. ते खोटं बोलत नसतं बरं का, त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. पडद्यावर बाण खालच्या रस्त्यावर होता. मेकॅनिकदादा म्हणाले, "मामा, पोचलो की! रस्ता इथेच आहे." मामा म्हणाले, "थांब. पायाला उतार लागतोय. इथे रस्ता नाही." तोपर्यंत दादांनी पाऊल टाकलं होतं. खाली कोरडी घळ होती. घोट्याची दोन हाडं मोडली. दहा मिनिटांनी यंत्र बंद पडलं. गाडीच्या विजेशिवाय त्याची बॅटरी दीड तास टिकायची. डोंगर चढून उतरायला चार तास लागतात, हे माझ्याच अहवालाच्या पान नऊवर होतं. आणि बॅटरीचा आकडा होता पान चौदावर. दोन्ही आकडे मीच लिहिले होते.

मामांनी स्वतःचा कोट दादांना घातला आणि धुकं विरेपर्यंत, दिवस कलेपर्यंत, सहा तास ते त्यांच्याशी बोलत बसले. मग त्यांना पाठीवर घेऊन, वहीत लिहिलेल्या झाडा-दगडांवरून गाडीपर्यंत आले.

चौकशी झाली. 'घटनेचे कारण' या रकान्यात मामांनी आपल्या हाताने लिहिलं, "यंत्र पूर्ण चार्ज न करता नेले. चूक माझी." तो कागद फाईलला लावायला माझ्याकडेच आला. मी वाचला. पुन्हा वाचला. मग त्याला भोकं पाडली, लेस ओवली आणि गाठ मारली. नोंदवही माझ्या मागच्या कपाटात होती. ती कुणी मागितली नाही, आणि मी काढून दिली नाही.

मी मामांकडे गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ते म्हणाले, "कागद लावलास ना? मग झालं. तुझी नोकरी पक्की व्हायचीय. माझी पक्कीच आहे, तिला काय धाड भरलीय?"

सर, आपण तेव्हा संचालक होतात. आपल्यापुढे जो कागद आला त्यावर आपण निष्काळजीपणाचाच शेरा देऊ शकत होतात. आपल्याला दोष देण्याचा माझ्या मनात लवलेशही नाही. पण तो शेरा सेवापुस्तकात गेला. दोन वर्षांनी ज्येष्ठ निरीक्षकाची जागा निघाली. पात्र उमेदवारांची यादी मी टाईप केली. एकोणतीस वर्षं सेवा झालेल्या माणसाचं नाव तिच्यात नव्हतं. त्या दिवशीही मामा किल्ली घ्यायला आले, आणि कुणीतरी विचारलं, "चार्जिंग?"

मी कॉलेजात प्रामाणिकपणावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी आहे. इथेही मी लोकांना नियम सांगत फिरते, हे आपण सगळे सोसता. मग चार वर्षं गप्प का बसले? आधी नोकरी जाईल म्हणून. घरात पगार माझा एकटीचा. नंतर नोकरी पक्की झाली, तेव्हा उशीर झाला म्हणून. माणूस कारणं शोधायला लागला की ती संपत नाहीत.

या भेटीसाठी पुन्हा यंत्र निवडायची वेळ आली, तेव्हा मी अहवाल केला नाही. तीन यंत्रं मागून आणली आणि सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकदादांना घेऊन तिसऱ्या डोंगरावर गेले. हातमोजे बादलीत बुडवून घातले आणि जागा टिपून पाहिली. पडद्यावर बोट लावायचं एक यंत्र तिथेच बाद झालं. माझा मोबाइलही बाद झाला. दुसऱ्याचे सेल बदलता येत नव्हते. तिसरं दिसायला ओबडधोबड आहे. त्याला बटणं आहेत, साधे सेल चालतात, रस्ता नसेल तिथे ते रस्ता दाखवत नाही. गाडीच्या काचेवर बसतं, पण बोलत नाही. वळण आलं की नुसतं टिंग करतं. मामी, उरलेलं बोलायचं काम तुमच्याकडे.

उतरताना खाणीच्या वळणावर मी दादांना सगळं सांगितलं. ते तिथल्या दगडावर टेकले. मग म्हणाले, "तो चार्जिंगचा विनोद पहिल्यांदा मीच केला होता. हॉस्पिटलात, मामा भेटायला आले होते तेव्हा. मला वाटलं, खरंच विसरले असतील." आणि उठताना, "तू हे चार वर्षांनी सांगतेस?"

घरी येऊन आईला सांगितलं. आई शिवणकाम करते, शाळेत गेलेली नाही. तिने मशीन थांबवलं आणि विचारलं, "तुझी चूक त्यांच्या वहीत कशाला ठेवलीस? जा, घेऊन ये."

अध्यक्ष मॅडम, आपल्यासमोर फुलांच्या शेजारी एक पाकीट आहे. त्यात माझा लेखी जबाब आहे, मेकॅनिकदादांचा जबाब आहे, आणि खाली साहित्याची मूळ नोंदवही ठेवली आहे. मामांची निवृत्ती परवा आहे. परवा सेवापुस्तक मुख्य कार्यालयाकडे जाईल, आणि मग त्यातला शेरा कुणालाच काढता येणार नाही. त्याआधी तो काढावा आणि जिथे जायला हवा तिथे लिहावा, अशी मी या भरल्या सभेत विनंती करते. बंद खोलीत केली असती तर मामांनी ती पुन्हा मोडून काढली असती. गेलेली बढती परत येणार नाही, हे मला कळतं. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. आणि बंधुभगिनींनो, तो विनोद आजपासून बंद करूया.

मामा, खोक्यातल्या यंत्रात एकही जागा टिपलेली नाही. दुकानदार म्हणाला, घराची जागा भरून देऊ का? मी नको म्हटलं. तुम्ही गाडी कुठे उभी कराल, ते तुम्हीच टिपायचं.

मला बोलू दिलंत याबद्दल अध्यक्षांची, पाहुण्यांची आणि आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मामी, तुमच्या आनंदाच्या दिवशी हे ऐकवलं, ते दुसरा दिवस उरला नव्हता म्हणून. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं.

ती एक चूक मात्र पोटात घालू नका, मामा. चार वर्षं घातलीत, तेवढी पुरे. आता ती माझ्या नावावर लिहू द्या.