दत्तूच्या नळीनं पाऊस गेला नाही

मंडळी, तुम्ही उन्हातून आलात, बरं वाटलं. बाईमाणसानं अशा शोकसभेत बोलावं की नाही, मला ठाऊक नाही. पण दत्तू माझा धाकटा भाऊ. बोलायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सायकलचं दुकान सांभाळून त्यानं वर्षभर काच घासली. दोन जाड काचा एकीवर एक, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी. घासायचा, धुवायचा, पुन्हा घासायचा. मी म्हणायचे, "अरे, बाजारात आरसे काय कमी हायेत?" तो म्हणायचा, "अक्का, त्यात तोंड दिसतं. ह्यात शनी दिसंल."

आणि दिसला. त्या आरशाला चांदीचा मुलामा दिला, पत्र्याच्या नळीच्या तळाशी बसवला आणि नळी, म्हणजे त्याची दुर्बीण, अंगणात उभी केली. बघायला तुम्हीच रांग लावली होती ना? शनीचं कडं बघून तुम्हीच हात जोडले होते ना?

मग पाऊस आला नाही. मृग गेला, आर्द्रा गेली. गावात बोलणं सुरू झालं. दत्त्यानं शनिदेवावर नळी रोखली, देव कोपला. मग पावसासाठी गावानं धोंडी काढला. पोराला लिंबाचा पाला बांधून तुम्ही दारोदार फिरलात. आमच्या दारात थांबलात आणि म्हणालात, "दत्तू, आधी ती नळी उतरव. मग धोंडीवर पानी घाल."

तो भांडला नाही. नळी उतरवली, आरसा काढून फडक्यात गुंडाळला. घरात एकच हंडा भरलेला होता, तो धोंडीच्या डोक्यावर ओतला. मी दारात उभी होते. लई राग आला होता मला. अजून आहे.

पाऊस तरीही आला नाही. तेव्हा कुणी आमच्याकडं आलं का? दत्तू, नळी परत लाव, असं कुणी म्हणालं का? आभाळ रोज स्वच्छ होतं आणि माझा भाऊ दारं लावून आत बसायचा.

परवा दहाव्याला मी कानांनी ऐकलं, "शनीनंच नेला त्याला." मंडळी, त्याला कावीळ झाली. आपली विहीर तळाला गेली, त्या गढूळ पाण्यानं झाली. तेच पाणी तुम्ही प्यालात, मीही प्याले. त्याला सोसलं नाही, एवढंच.

आता त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं आहे. दत्तूनं पाऊस घालवला असं ज्याला अजून वाटतं, त्यानं खुशाल बसून राहावं. बाकीच्यांनी उठावं.