पहिला घास

रिता : ‘दहा दिवस वाळलं गवत अन् पाणी. गोड नाही, दाणा नाही. लेंड्यांवर नजर ठेवा, बाई.’ डॉक्टरचा आवाज अजून कानात हाय माह्या, आई. म्या तसंच केलं. मंग पाचव्या दिवशी भुऱ्याचं पोट काहून बिघडलं?

गिरजाबाई : दवाईनं. दुसऱ्या कायनं? जबड्याखाली सुपारीएवढा फोड, अन् त्याच्यापायी दोन टाइम सिरींज तोंडात खुपसून राहिली तू त्या मुक्या सशाच्या. बंद कर ते.

रिता : मधातच बंद केली तर फोड पुन्हा भरते. अन् दवाई काय कालपासून सुरू हाय? तीन दिवस लेंड्या चण्यावानी गोल, टणक होत्या. काल बारीक झाल्या, आज पातळ. रातीपासून गवताले तोंड लावलं नाई त्यानं.

गिरजाबाई : थंडी लागली असन.

रिता : पिंजऱ्यात मुंग्या कशा आल्या?

गिरजाबाई : मुंग्यांले कोणी आवतन देते का, पोरी?

रिता : गवताले मुंग्या लागत नाई, आई. गोडाले लागते. त्याच्या हनुवटीचे केसही चिकट हायेत.

गिरजाबाई : तुह्या नवऱ्याले विचार, जीवनले. डब्यातली पोळी कुठीबी टाकते तो.

रिता : ते पहाटे पाचलेच वरठीले ड्युटीवर गेले. साहाले म्या पिंजरा झाडला, तेव्हा एक मुंगी नव्हती. मंग म्या आंघोळीले गेलो. घरात राहिलं कोण?

गिरजाबाई : उंदीर असन.

रिता : आज गुरुवार हाय.

गिरजाबाई : मंग?

रिता : गुरुवारी तुमी खोटं बोलत नाई. पस्तीस वर्षांचा नेम हाय, साऱ्या गावाले ठाऊक हाय. म्हणूनच आज विचारून राहिलो. तुमी भुऱ्याले काही देल्लं का?

गिरजाबाई : माह्या पोथीचा टाइम झाला.

रिता : पोथी मांडून ठेवलेली हाय, पळत नाई ते. हो म्हणा नाईतर नाई म्हणा.

गिरजाबाई : तू मले आरोपीवानी उभं करून राहिली, रिता.

रिता : पोळ्याच्या टायमाले त्यानं तुळस कुरतडली, तवापासून त्याचं नाव घेत नाई तुमी. ‘तो उंदराचा मोठा भाऊ’ म्हणता. मले शंका नाई येणार?

गिरजाबाई : कायची शंका?

रिता : का तो मेला तर तुमाले बरं.

गिरजाबाई : ... हे बोलली तू. देवघरासमोर.

रिता : शनिवारी खुशबू येते होस्टेलवरून. जाताना पिंजरा माह्या हातात देऊन गेली पोरगी. तिले काय दाखवू मी? रिकामा पिंजरा?

गिरजाबाई : देल्लं म्या.

रिता : काय?

गिरजाबाई : गुळपोळी. नखाएवढा तुकडा.

रिता : आज?

गिरजाबाई : रोज. दिवाळीपासून.

रिता : रोज! अन् मी दवाईले दोष देत बसलो, गवत बदलत बसलो!

गिरजाबाई : ऐकून तर घे. लग्न झाल्यापासून पहिला घास गाईले देल्ल्याबिगर मी तोंडात पाणी घेत नाई. आपली कपिली गाय म्हातारी होऊन गेली दिवाळीले. गोठा रिकामा. नेम कुठी ठेवू? मुका जीव घरात हा एकच होता. तुळस खाल्ली त्यानं, पण माहा उपास तोच सोडवत होता.

रिता : मंग सांगतलं काहून नाई?

गिरजाबाई : तू हासली असती. गाईच्या जागी ससा!

रिता : गावात गाई नव्हत्या का दुसऱ्या?

गिरजाबाई : आपल्या आळीत गाय एकाच्याच घरी हाय. माह्या दिराच्या, तुलारामच्या.

रिता : काकाजीच्या.

गिरजाबाई : बांधावरून भांडण झालं तवापासून सहा वर्षं झाली, त्या दारात पाय नाई टाकला म्या. गेलो असतो तर त्याची बायको म्हणाली असती, आली शेवटी.

रिता : थांबा. डॉक्टरले फोन लावतो. तुमीच सांगा त्याईले, सारं.

(रिता मोहाडीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकर सुरू करते.)

डॉक्टर : बोला, सशावाल्या बाई.

गिरजाबाई : मी तिची सासू, साहेब. गुळपोळीचा तुकडा देत होतो मी त्याले. आधी कधी काही झालं नाई.

डॉक्टर : आजी, एरवी पचवलं असेल त्यानं. पण या औषधानं फोडाबरोबर पोटातले चांगले जंतूही कमी होतात. त्यात गूळ आणि गहू गेला की नको ते वाढतात. खातोय का?

रिता : काल रातीपासून काहीच नाई.

डॉक्टर : मग फोनवर नको, आत्ता घेऊन या. फडक्यात उबदार ठेवा. औषध आपल्या मनानं बंद करू नका, पुढचा डोस मला दाखवल्यावर. आणि ताज्या लेंड्या पुडीत बांधून आणा.

गिरजाबाई : पुडीत? अंगाऱ्यावानी?

डॉक्टर : तशाच, आजी.

गिरजाबाई : वाचन का तो?

डॉक्टर : आत्ता सांगता येत नाही. लवकर आणलं तर आशा असते. निघा.

रिता : आई, तो टोपलीवरचा शेला द्या. ऑटो चौकात भेटन मले. अन्... मघाशी बोललो ते...

गिरजाबाई : बोलली ते बोलली. माह्या हातून झालंच तसं. धर, पदराखाली घे त्याले, कान झाक. कापून राहिला तो.

रिता : साडेदहा झाले. तुमी काही खाल्लं नसन. बीपीची गोळी घ्याची हाय, जेवून घ्या.

गिरजाबाई : कसं जेवू? आजचा तुकडा त्यानं टाकून देल्ला. घास गेलाच नाई कोणाच्या तोंडात.

रिता : एक दिवस सोडा नेम. देव समजून घेईन.

गिरजाबाई : देव घेईन. पण उद्या सकाळी पुन्हा माहा हात पिंजऱ्याकडेच गेला तर? नाई, रिता. त्याच्या तोंडाले आता माहा हात लागणार नाई, हे तुले देल्लेलं वचन समज.

रिता : अन् पोळी घेऊन कुठी निघाल्या मंग?

गिरजाबाई : तू जाय, तुले उशीर होते. तुलारामचा गोठा मागच्या अंगाले हाय, पण मी पुढच्या दारातूनच आवाज देईन.