तासाला तीस

नाशिकला प्रसूती वॉर्डाबाहेर एक आजी आणि तिच्या सुनेला पिकअपमधून घेऊन आलेला ड्रायव्हर माझ्या शेजारी बसले होते.

“भिमामावशी, माफ करा. पाड्यापासून साठ किलोमीटर, अन् मी दोन तास लावले. तासाला तीसच पडले.”

“तुझी गाडी तर लय पळती, नौशाद.”

“रिकामी असली की पळते. द्राक्षं भरली की तीसच. जोरात नेली तर मणी गळतात.”

“आज कुठं द्राक्षं होती?”

“आज पल्लवीताई होत्या. पाय आपोआप ब्रेकवर जात होता.”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“पल्लवीसोबत कोण आहे? मुलगी झाली. दोघी छान आहेत.”

“नौशाद, लेकरा, तुझं भलं होवो. घरी नेतानाबी तीसच्या वर जाऊ नको.”