पंख्याची मोटर

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या भंगार यार्डात रांगेतल्या नोरीनला पुढचं सगळं ऐकू येत होतं. ट्रेव्ह जुनी मोटर विकत होता, लेन ती तपासत होता.

"आतल्या तारांचं वाइंडिंग नव्याने केलंय?"

"छे! कंपनीचंच आहे. मीटर लावून बघ."

"मीटर उत्तम दाखवतोय. जळल्याचा वाससुद्धा नाही."

"जळेल कशी? खाणीच्या हवेच्या पंख्याला मीच बसवली, खाण बंद झाल्यावर मीच उतरवली. एक दिवस कुरकुरली नाही बघ!"

"कुठली खाण?"

"तीन नंबरची. का रे?"

"पंख्याची मोटर जळाली म्हणून हवा थांबली, असं खाणवाल्यांनी आम्हाला लिहून दिलं होतं."

"आम्हाला म्हणजे?"

"माझा भाऊ खाली होता, ट्रेव्ह. वर आलाच नाही."

ट्रेव्हने मोटरचं काढलेलं झाकण उचललं.

"झाकण लाव. मी घेतोय. आता हिला कुणी हात लावायचा नाही."