हळदीच्या डब्याएवढी जागा

माझं माहेर सुप्याकडचं. सुपे गावातलं न्हाय, गावाच्या भाईर, माळावर, वस्तीवर. वस्ती म्हणलं की तुमाला वाटंल चार-पाच घरं असतील, तर तसं न्हाय, आमचं एकच घर, मग माळ, मग लांब एक बाभळ आन तिच्या पल्याड चुलत्यांचं घर. हाक मारली तर वारा तिकडं असला तरच पोचायची, न्हायतर आपलीच आपल्याला ऐकू यायची. म्हणून आमच्यात परात वाजवायची पद्धत. काय अडलं-नडलं तर आई परात उलटी धरून उलथन्यानं बडवायची, की चुलते समजायचे, निघा आता. मी सातवीत असताना दादांना, म्हंजी माझ्या वडलांना, कडब्याच्या गंजीत घोणस चावली. आई त्यांना धरून बसली आन परात माझ्या हातात दिली. मी बडव बडव बडवली, हाताला फोड आले, पण वारा उलटा. कुणीसुदिक आलं न्हाय. शेवटी परात टाकून पळत सुटले तवा चुलते आले. दादा वाचले, पण पाय वाकडा झाला तो झालाच. तवापासनं लोक मोकळी हवा, मोकळी जागा म्हणून कौतुक करायला लागले की मी तितनं उठून जाते. काय सांगू तुमाला, लई शांत झालं की मला ती परात आठवती.

त्याच दादांनी लंगडत लंगडत मला एस.टी.त बसवून दिली आन मी बारामतीला बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणालाबी सांगते, लाजायचं काय त्यात. शुद्ध बोलायला येतं मला, कंपनीत तसंच बोलते. पण घरातलं सांगायचं तर घरातल्याच भाषेत सांगनार.

मला बघायला आले तवा पोरीला काय विचारायचं असंल तर विचार म्हणले, रीत म्हणून. पोरी कुठं विचारतात? मी विचारलं, शेजारी किती जवळ हाय? माझे सासरे, आबा, ते हसले. म्हणले, पोरी, आमच्याकडं आपण बोलत असताना शेजारी शिंकला तर समजायचं बोलणं खरं हाय, इतका जवळ हाय. मी मनात म्हणलं, हेच घर.

घर बारामतीला लागून, जळोचीत. आता तुमी बघताय ती जळोची न्हाय, तवा आजूबाजूला ऊस आन मधी ही घरांची एक ओळ. आबा आन त्यांचे दोस्त तात्या साखर कारखान्यावर एकाच खात्यात. दोघांनी पाठीला पाठ लावून जागा घेतल्या आन एकाच गवंड्याकडनं, एकाच दोरीत पाया भरला. मधी जागा सोडायची का न्हाय ह्यावर दोघांचं एकमत झालं की सोडायची न्हाय, मोकळी जागा म्हंजी कचरा आन साप. पागोळ्याचं पाणी पडायला तेवढी हातभर सांद ठेवली. ती सांद कुणाची, हे मातर कुणी ठरवलं न्हाय. दोस्तीत असलं कोण विचारतंय? दोघांना वाटलं, दुसऱ्याची असंल.

आता नीट ध्यानात घ्या. आमचं दार मारुतीच्या बोळात उघडतं आन तात्यांचं दार पल्याडच्या गिरणीच्या रस्त्यावर. दारानं जायचं म्हणलं तर सगळी ओळ वळसा घालून, गिरणीवरनं, मारुतीवरनं यायचं. पण आमच्या मागल्या खोलीची, जितं आबांचा पलंग असतो तिची खिडकी आन त्यांच्या सैपाकखोलीची खिडकी समोरासमोर. खिडकीतनं हात घातला तर हाताला हात लागतो. जगात माझ्या सगळ्यात जवळचं माणूस आन सगळ्यात लांबचं माणूस एकच, ती म्हंजी तात्यांची बायको, कमलमावशी. तात्या गेले, मावशी हाय. गुडघं गेल्यात तिचं.

जवळ असण्याचा जाच काय कमी न्हाय. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या कानात, आमचं खोकणं त्यांच्या ताटात. मालकांचं आन माझं भांडण जुंपायचं झालं तर आमी आधी टीव्ही मोठा करतो, तर दुसऱ्या दिवशी मावशी म्हणती, काय गं, काल बातम्या लई तापल्या व्हत्या. मटण केलं की वाटी द्यावीच लागती, वासानं आधीच सांगितलेलं असतं. आन मिरचीची फोडणी. आबांना दमा. मावशीनं तिकडं कढईत लसूण-मिरची टाकली की आबा हिकडं खोकून खोकून निळे पडायचे. मी नवी असताना एकदा रागानं म्हणलं, मावशी, माणूस मरंल की हितं. दुसऱ्या दिवसापासनं तिनं चालू केलं, कढई तापली की खिडकीशी यायचं आन म्हणायचं, भावजी, फोडणी टाकतीय. आबा खिडकीची दारं लावून घ्यायचे. जरा वेळानं ती म्हणायची, झालं. की आबा उघडायचे. सकाळ-संध्याकाळ. आजपत्तूर चुकलेली न्हाय.

मी सकाळी कपड्याच्या कंपनीत जाते, शिलाई तपासायला. मालकांचा टेम्पो, इंदापूर तालुक्यातली डाळिंबं भरून ते मार्केटला जातात, कधी येतील सांगता येत न्हाय. घरात आबा एकटे. कुत्री शिरतात म्हणून आतनं कडी लावतात, कितीबी सांगा ऐकत न्हाईत. एकदा दुपारी त्यांना धाप लागली आन हातातला पंप, तो तोंडात मारायचा दम्याचा पंप असतो बघा, तो घरंगळून पलंगाखाली गेला. वाकता येईना. मावशीनं खिडकीतनं बघितलं. हात पुरतोय, पण हातात द्यायला काय न्हाय. ती तशी गुडघं धरत निघाली, गिरणीवरनं, मारुतीवरनं, आन दारात आली तर कडी. गिरणीवाल्यानं कडी तोडली म्हणून आबा आज हायेत. मावशी दुसऱ्या दिवशी मला म्हणली, अजून एक पंप आण आन माझ्याकडं ठेव. माझे पाय पोचत न्हाईत, हात पोचतो.

तो पंप तिनं खिडकीच्या कट्ट्यावर हळदीच्या डब्यात ठेवला. हळद काढून डबा पुसला, पण वास काय गेला न्हाय. आबा म्हणतात, वैनीच्या हातचं औषध हाय, फोडणीसगट येतं. त्या डब्यानं किती वेळा आबांना वर आणलं ते मी मोजलं न्हाय. कंपनीत मोबाईल भाईर ठेवावा लागतो, आन आबांना धाप लागल्यावर बटन कुठलं दाबायचं ते सुधरत न्हाय. माझा मोबाईल म्हंजी तो डबा. तो तितं हाय म्हणून मी हितं शिलाई बघू शकते.

आता ह्या वर्षी मावशीचा मुलगा, संतोष, त्यानं मागली सैपाकखोली पाडायला काढली. जुना पत्रा, गळका, त्याचंबी बरोबर हाय, पोरं मोठी झाली. वर न्हाणी, खाली नवा ओटा, आन मागली भिंत सरळ आमच्या भिंतीला चिकटवून, सांद सगळी आत घेऊन, बिनखिडकीची. मला कळलं तवा मी आधी आबांच्या पलंगापाशी गेले. आबांची उशी जितं असती तितंच ती भिंत येनार.

मी गेले संतोषकडं. वळसा घालून, दारानं, बी.ए. झालेली बाई म्हणून. म्हणलं, संतोषभाऊ, बांधकामाला नियम असतो, मागं जागा सोडावी लागती, मी तक्रार केली तर काम थांबंल. तो हातातला चहा खाली ठेवून शांतपणे म्हणला, वैनी, करा की. माझं पाडायला येतील ते तुमचं बघून न्हाय व्हय जानार? तुमी तरी कुठं जागा सोडलीय? खरंच व्हतं त्याचं. दोन्ही घरं एका दोरीतली, एकाला हात लावला तर दुसरंबी जातंय. रात्री मालक म्हणले, तुझं बी.ए. घर पाडंल एक दिवस. मी म्हणलं, तुमच्या बापाचा श्वास हाय त्या खिडकीत. टीव्ही लावायचंबी ध्यानात राहिलं न्हाय आमच्या.

मग भिंत व्हनारच म्हणून आबांना निमगाव केतकीला, नणंदंकडं ऱ्हायला धाडलं. तिचं घर पानमळ्यात, चारी बाजूंनी हिरवंगार, हवा अशी की आपल्याला वाटंल दमा पळून जाईल. चार दिवसांत आबांचा फोन, मला न्यायला या. म्हणलं, का, काय दुखतंय का? म्हणले, दुखत काय न्हाय गं, पण हितं मी खोकलो तर कुणालाच कळत न्हाय, जावई मळ्यात, पोरगी मळ्यात, माझं खोकणं मीच ऐकतोय. मी त्याच दिवशी जाऊन घेऊन आले. मला ती परात आठवली, दुसरं काय.

मावशी तवर काय बोलली नव्हती. पोराच्या घरात ऱ्हायचं म्हणल्यावर म्हातारं माणूस तोलूनच बोलतं. एक दिवस खिडकीतनं डबा पुढं केला आन म्हणली, मंदा, घे गं तुझी वस्तू. आता माझा हात पोचायचा न्हाय. मी घेतला न्हाय. आबांनीबी घेतला न्हाय. ते म्हणले, ऱ्हाऊ द्या वैनी, भिंत होईस्तवर ऱ्हाऊ द्या. आन ती डबा हातात धरून तशीच उभी.

सैपाकखोली पाडली. आमच्या खिडकीची दारं भाईर उघडायची, सांदीवर, ती काढावी लागली, नुसते गज राहिले. मी कंपनीत रजा टाकली. विटांचा एक एक थर वर यायला लागला तसं खोलीत अंधारायला लागलं, आबांच्या पायावरचं ऊन पोटावर, पोटावरचं छातीवर, आन मग गेलंच. मी गजाला धरून उभी. पल्याड मावशी खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर डबा. भिंत खिडकीच्या मध्यावर आली तशी ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत आली आन ओल्या मालावर, जितं वीट बसायची तितं, तो हळदीचा डबा ठेवून दिला. गवंडी म्हणला, म्हातारे, डबा उचल, माल सुकतोय. मावशी म्हणली, ह्याच्या भवतीनं बांध.

संतोष पुढल्या खोलीच्या छतावरनं ओरडला, आई, काय चाललंय, भोक ठेवलं तर उंदरं येतील, झुरळं येतील, नव्या भिंतीला कोण भोक ठेवतं का? मावशी म्हणली, नव्या ओट्यावर फोडणी कोण टाकनार, तू का? मी कुणाला न सांगता आजवर फोडणी टाकलेली न्हाय, आन आता टाकनार न्हाय. मग खा उकडलेलं. गवंडी थापी हातात धरून संतोषकडं बघतोय, संतोष कुणाकडंच बघंना. मग तो म्हणला, गिलाव्यापत्तूर ऱ्हाऊ दे, मग बघू. आन खाली उतरून निघून गेला. गवंड्यानं डब्याच्या अल्याड-पल्याड विटा लावल्या, वर एक आडवी टाकली, आन भिंत पुढं गेली.

तर आता असं हाय. खोलीत दिवसासुदिक लाईट लावावी लागती. खिडकीत बघितलं तर भिंत, आन भिंतीत डब्याएवढी जागा, तिच्यात डबा. मी सकाळी कंपनीत निघायच्या आधी गजातनं हात घालून बघते, डबा हाय ना, जागा मोकळी हाय ना. शिलाई तपासायला बसले की वाटतं, आजच तर गिलावेवाला आला नसंल? संतोषनं व्हय म्हणलेलं न्हाय, न्हायबी म्हणलेलं न्हाय, आन मी आता विचारत न्हाय, विचारलं आन न्हाय म्हणला तर? बोळात त्याची गाठ पडली की मी आधी हसते. त्याची पोरं आमच्यात येऊन चपाती-गूळ खाऊन जातात. मावशी म्हणती, तू काळजी करू नगं, मी हाय तवर हाय. ते ऐकून मला अजूनच काळजी वाटती.

माझं त्याच्याशी वाकडं न्हाय बघा. होऊ दे त्याचं घर, दोन मजली होऊ दे, पोराबाळांनी भरू दे. माझ्या माहेरासारखं कुणाचं घर माळावर एकटं नसावं. फक्त तेवढी जागा ऱ्हावी. काल संध्याकाळी मी आले तवा आबा पलंगावर बसलेले, आन त्या भोकातनं मावशीचा आवाज, बारीक, लांबनं आल्यासारखा. भावजी, फोडणी टाकतीय. खिडकीला दारं न्हाईत. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, डब्यापुढं त्या भोकात कोंबली आन वरनं हात दाबून धरला. मीबी दम धरून उभी ऱ्हायले. जरा वेळानं पल्याडनं ती म्हणली, झालं.

आबांनी टोपी काढली, झटकली आन परत डोक्याला घातली.