पेरु कोत्त

…नाही पन मी म्हनतो, ज्या मानसाले मराठीतला 'म' वाचता येत नाही, त्यानं मराठी अक्षरं इतकी साजरी काढावी काऊन? सोनेरी! ठसठशीत! मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवरून वाचता येतील अशी! अन् तेही जैनथ गावाले, माह्या बहिनीच्या पोरीच्या लग्नात, साऱ्या पावन्यांसमोर… तुमाले सांगतो, माह्या मनात पाप नव्हतं. देवाशपथ नव्हतं!

आता असं पाहा, मी सुधाकर, साक्षीचा एकुलता एक मामा. आदिलाबादले बांगड्यांचं दुकान. बहीन फोनवर फोन करून राह्यली, "भाऊ, आंदनात पलंग मामाचा पाह्यजे बरं!" आता पलंग त घरात होता. सागवानी! माह्या बायकोले, मंजुषाले, तिच्या बापानं लग्नात देलेला. तलमडुगुचे उत्तमराव, माहे सासरे, महिनाभर सुताराजवळ ठान मांडून बसले अन् करून घेतला. पन बावीस वर्षांत एक पाय निखळला, पट्ट्या मोडल्या, त्यावर मी बांगड्यांचे खोके रचले. मंजुषा आठ वर्षांपासून म्हनून राह्यली, "अवो, बाबाचा पलंग दुरुस्त करून आना ना." मग एक दिवस उचलला अन् नेला दुरुस्तीले! अशी खुलली बायको… त्याच दिवशी जाऊन पलंगासाठी नवी चादर घेऊन आली, फुलाफुलाची. अन् मी? मी मनात ठरवून ठेवलेलं, मागून सांगू, वाळवी लागली होती, सुतारानं फेकून देला. आता तुमी म्हनाल… पन माह्या मनात पाप नव्हतं हो. म्हनजे इतकं नव्हतं.

सुतार राजन्ना. हात सोन्याचा, पन भाषा तेलुगू. उशाकडच्या फळीवर जुनी फिकट अक्षरं होती. ती पुसायची अन् माहं नाव टाकायचं, इतकंच त काम! नव्या पॉलिशवर जुना पलंग कोन वळखते? तेलुगूत नावाले 'पेरु' म्हनतेत. आपन पेरू खातो, ते लोक पेरु ठेवतेत. अन् 'कोत्त' म्हनजे नवं. म्या फळीवर बोट ठेवलं, माहं नाव छापलेली दुकानाची पिशवी त्याच्या हाती देली अन् छाती फुगवून म्हनलं, "अन्ना, पेरु कोत्त!" तो म्हने, "सरे सार!" मी म्हनलं, वा सुधाकर, काय तेलुगू बोलतोस!

पिशवी त्यानं जेवनाचा डबा न्याले ठेवून घेतली. अन् माह्या 'नवं नाव'चं त्यानं केलं 'नाव नवं'! एक काना नाही सोडला, एक वेलांटी नाही सोडली, जुनंच नाव गिरवून गिरवून सोनेरी केलं. अन् मी पाह्यलंही नाही! पलंग प्लास्टिकात गुंडाळून टेम्पोनं सरळ मांडवात.

माइकवर बंडू. गावाले ऐकू जाईल असा घसा! "आता मंडळी, मामाकडून सागवानी पलंग! जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. प्लास्टिक ओढलं. बंडूनं पाह्यलं अन् मोठ्यानं वाचलं, "चि. सौ. कां. मंजुषा हिस सप्रेम भेट. वडील उत्तमराव, मुक्काम तलमडुगु…" अन् मग त्याले समजलं अन् माइक तसाच सूंऽऽ करत राह्यला.

साऱ्या मांडवानं माह्याकडं पाह्यलं. मंजुषानं नाही पाह्यलं. ती त्या पलंगाकडंच पाहून राह्यली. पाय दुरुस्त, पट्ट्या नव्या, पॉलिश असं की तोंड दिसावं. तिनं मागतला होता तसाच.

अन् पुढच्या रांगेतून सासरे उठले. काठी टेकत टेकत गेले, बंडूच्या हातून माइक घेतला. मले वाटलं, आता काढते हा मानूस माही चामडी! काढाची होती ना हो! त म्हनतेत कसे, "म्याच सांगतलं जावयाले. मंजुषा अन् साक्षी, मले दोनी सारख्या. माह्या पोरीचा पलंग साक्षीले जाऊ द्या. नाव तसंच राहू द्या." लोकाइनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. अन् जाता जाता माह्या कानाशी येऊन हळूच म्हने, "जावईबापू, पाय पक्का केला ना? पोरगी पडाले नोको."

त्याहून दोन थोबाडात हानल्या असत्या त बरं झालं असतं! जमिनीनं पोटात घेतलं असतं त… पाप होतं हो. होतं माह्या मनात. सारंच होतं.

मंजुषानं घरी येऊन फुलाची चादर घडी करून कपाटात ठेवली. मी म्हनलं, भांड तरी! नाही भांडली. अन् पंधरा दिवसांनी तलमडुगुहून ट्रॉली आली. नवा पलंग! सागवानी! अन् उशाकडं सोनेरी अक्षरात काय? "जावई सुधाकरराव यांस सप्रेम भेट." आता येनारा-जानारा म्हनते, "वा! सासऱ्याचा भलताच जीव हाय तुमच्यावर!" मी म्हनतो, हो, हाय ना.

मंजुषा झोपते त्यावर, निवांत. अन् मी बाजूले, खाली, सतरंजीवर. नाही नाही, तिनं नाही सांगतलं. कोनीच नाही सांगतलं… आपलं आपनच झोपतो.